शहीद या शब्दाची साक्ष

नागपूर शहराच्या मध्यभागी झिरो माईलचा दगडी स्तंभ उभा आहे. इंग्रजांनी हिंदुस्थानच्या मोजणीच्या काळात तो उभारला. त्या स्तंभापासून पायी काही मिनिटांच्या अंतरात या शहराचा बराच इतिहास सामावलेला आहे. एका बाजूला विधानभवन, जवळच जुने मॉरिस कॉलेज, टेकडीवर सीताबर्डीचा किल्ला आणि या सर्वांच्या मधोमध गोवारी शहीद स्मारक. तेथून वर्धा मार्गाकडे जाणाऱ्या पुलाचे नाव आहे 'आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल'. रोज हजारो वाहने या पुलावरून धावतात.

ज्या जागेवर माणसे मेली त्या जागेचे पुढे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक समाजाला कधी ना कधी पडतो. बाग करावी, खांब उभारावा, इमारत बांधावी की जागा तशीच मोकळी ठेवावी? वरवर पाहता हा बांधकामाचा प्रश्न आहे. मुळात तो साक्षीचा प्रश्न आहे.

२३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू होते. विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून हजारो गोवारी स्त्री-पुरुष मुलाबाळांसह मोर्चाने आले. गोवारी म्हणजे गावाची गुरे राखणारा समाज. दिवाळीत गायगोधनाच्या दिवशी गाई सजवणारा, ढाल पूजणारा आणि उरलेले वर्ष दुसऱ्यांची जनावरे रानात घेऊन फिरणारा. त्यांची मागणी एका शब्दाची होती. अनुसूचित जमातींच्या यादीत 'गोंड गोवारी' अशी नोंद आहे. ती नोंद आमचीच आहे, तेव्हा आम्हाला जमातीचे दाखले द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

मोर्चा मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर अडवण्यात आला. लोक दिवसभर रस्त्यावर बसून राहिले. निवेदन घेण्यास सरकारतर्फे कोणी आले नाही. सायंकाळी गर्दी पुढे सरकली, पोलिसांनी लाठीमार केला आणि चेंगराचेंगरी झाली. एकूण ११४ माणसे मरण पावली. त्यांत बायका आणि लहान मुलांची संख्या मोठी होती. जखमी शेकड्यांनी होते. गुरांच्या कळपाला वाट करून देण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांनाच राजधानीच्या रस्त्यावर निसटायला वाट मिळाली नाही.

आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. न्यायमूर्ती दाणी यांचा चौकशी आयोग बसला. आयोगाने कोणालाही जबाबदार धरले नाही. पुढे शासनाने गोवारींना विशेष मागास प्रवर्गात घातले. अनेक जातींना मिळून या प्रवर्गात २ टक्के आरक्षण होते. १४ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला. मात्र १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. गोवारी आणि गोंड गोवारी एक नव्हेत, असे न्यायालयाने ठरवले. मधल्या काळात ज्यांना प्रवेश आणि नोकऱ्या मिळाल्या त्यांना तेवढे संरक्षण दिले.

आता पुलाचे नाव पुन्हा एकदा वाचू या. 'आदिवासी गोवारी शहीद.' ज्या शब्दासाठी माणसे रस्त्यावर बसली तो शब्द सार्वजनिक पुलाच्या नावात आहे, पण त्यांच्या नातवंडांच्या दाखल्यावर नाही. मागणी मान्य करण्यापेक्षा नाव देणे सोपे असते. नावाला अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही, यादीत दुरुस्ती लागत नाही, संसदेत कायदा लागत नाही. न्यायालयाचा निर्णय कायद्याच्या चौकटीत योग्य की अयोग्य, हा वाद मी येथे घालत नाही. माझा मुद्दा एवढाच आहे की नाव देऊन प्रश्न मिटला असे समजणे ही स्वतःची फसवणूक होय.

मी कोराडीला राहतो आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. कोराडी म्हटले की लोकांना वीज केंद्राच्या चिमण्या आणि जगदंबेचे मंदिर आठवते. आमची मुले बर्डीला जातात ती कपडे घ्यायला. एकदा सातवीच्या वर्गात मी या पुलाविषयी विचारले. बर्डीचा पूल सगळ्यांना ठाऊक होता, गोवारी कोणालाच नाही. एका मुलाने उलट विचारले, "सर, शहीद तो जंग में होते हैं ना? ये कौन सी जंग थी?"

प्रश्न बरोबर होता. 'शहीद' हा शब्द आपल्या घरातला आहे. अरबीत ज्या धातूपासून 'शहीद' होतो त्यापासूनच 'शाहिद' म्हणजे साक्षीदार होतो. 'शहादत' या एकाच शब्दात बलिदानही आहे आणि गवाहीही. मराठीने हा शब्द घेतला तेव्हा बलिदानाचा अर्थ घेतला, गवाहीचा अर्थ मागे राहिला. आपल्या स्मारकांचेही तसेच झाले आहे. हार घालण्याची सोय असते, गवाहीची नसते.

हे केवळ गोवारींच्या बाबतीत घडले असे नाही. समोरच्या सीताबर्डी किल्ल्यावर नऊ कबरी आहेत. १८५७ च्या उठावात नवाब कादर अली आणि त्यांच्या आठ साथीदारांना इंग्रजांनी तेथे फाशी दिले. पुढे ती जागा 'नवगज अली बाबा' या नावाने श्रद्धास्थान झाली. ठरावीक दिवशी किल्ला लोकांसाठी उघडतो तेव्हा माणसे तेथे जातात, फातेहा पढतात. श्रद्धेने कबरी राखल्या, ही मोठीच गोष्ट. परंतु हे बाबा कोण, त्यांना फासावर कोणी आणि का चढवले, हे फातेहा पढणाऱ्यांपैकी किती जण सांगू शकतील? चादर चढली की इतिहास झाकला जातो, हे आपण आपल्याच घरात पाहिले आहे.

जगात या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळी दिली गेली. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत लोक जमले होते ते डॉ. सैफुद्दीन किचलू आणि डॉ. सत्यपाल यांच्या अटकेच्या निषेधासाठी. हिंदू, मुसलमान, शीख यांचे रक्त एकाच मातीत पडले. पुढच्याच वर्षी, इंग्रजांचे राज्य असतानाच, लोकवर्गणीतून ती जागा विकत घेण्याची खटपट सुरू झाली. स्मारकाचे उद्घाटन १९६१ साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. मधली चाळीस वर्षे भिंतीवरील गोळ्यांच्या खुणा हेच स्मारक होते. २०२१ साली बागेचे नूतनीकरण झाले, अरुंद वाटेच्या भिंतींवर शिल्पे आली, तेव्हा अनेक इतिहासकारांनी हरकत घेतली. ज्या वाटेने बंदुका आत आल्या ती वाट शोभिवंत करू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

हिरोशिमात बाँबने मोडलेली घुमटाची एक इमारत उरली. ती पाहवत नाही, पाडून टाका, असे वाचलेल्यांपैकीच काहींचे मत होते. ल्युकेमियाने मेलेल्या एका शाळकरी मुलीची डायरी वाचून १९६० साली मुलांनी सह्या गोळा करायला सुरुवात केली. १९६६ साली नगरपरिषदेने इमारत कायम राखण्याचा ठराव केला. मोडके ते मोडकेच ठेवायचे, हाही बांधकामाचाच एक निर्णय आहे आणि तो मुलांनी सुरू करून दिला.

न्यूयॉर्कच्या स्मारकावर २,९८३ नावे आहेत. कोणाचे नाव कोणाशेजारी असावे, यावर तेथे वर्षानुवर्षे विचार झाला. तरीही पाकिस्तानी वंशाच्या एका २३ वर्षांच्या पोलीस कॅडेटचे नाव मदतीला धावून मेलेल्यांच्या यादीत बसले नाही. आधी तर त्याच्यावर संशयच घेतला गेला होता. त्याच्या आईने मुलाचे नाव योग्य जागी लावावे यासाठी झगडा केला. स्मारकावर नाव असणे पुरेसे नाही, ते कोणत्या नात्याने आहे हे महत्त्वाचे, एवढे या आईने जगाला शिकवले.

किल्लारीची गोष्ट निराळी. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. गावे दुसरीकडे वसली, जुन्या गावात स्मृतिस्तंभ राहिला. भूकंपाला जाब विचारता येत नाही. तेथे घर बांधणे हेच खरे स्मारक. पण जेथे माणसे माणसांच्या बेपर्वाईने मरतात, तेथे बाग आणि खांब पुरे पडत नाहीत. तेथे बांधायची वस्तू जाबाला उत्तर देणारी असली पाहिजे.

मग झिरो माईलवर काय बांधावे? नवीन इमारतीची गरज नाही. तेथे येणाऱ्या मुलाला तीन गोष्टी वाचायला मिळाव्यात. मेलेल्यांची नावे, वये आणि गावे. त्यांनी काय मागितले आणि कोणाकडे. आणि पुढे काय झाले, म्हणजे आयोग, १९९५ नंतरचे निर्णय, २०१८ आणि २०२० चे निकाल, सगळे साध्या भाषेत, मराठी, हिंदी आणि उर्दूत. यात कोणावर आरोप नाही. यात फक्त साक्ष आहे. निकाल वाचणाऱ्याने द्यावा.

आणि हे काम शासनावरच सोडून चालणार नाही. दरवर्षी २३ नोव्हेंबरला गोवारी बांधव दूरदूरच्या गावांतून येथे येऊन फुले वाहतात. २०२४ च्या प्रारंभीही ते संविधान चौकात उपोषणाला बसले होते. त्यांचा शोक त्यांच्यापुरताच राहू देणे हा आपला करंटेपणा ठरेल. कमिट्या आणि आयोगांचे अहवाल कपाटात पडून राहतात म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. म्हणूनच दुसऱ्याच्या अहवालाची धूळ झटकण्यात आपण पुढे असायला हवे. उर्दू शाळांच्या सहली किल्ले पाहायला जातात, फुटाळ्याला जातात. त्यांतली एक सहल या स्मारकापाशी थांबावी. मुलांनी ११४ हा आकडा लिहून घ्यावा आणि घरी जाऊन विचारावे की त्या दिवशी निवेदन घ्यायला कोणी का आले नाही. शहीद हा शब्द आपण मराठीला दिला. त्याचा राहिलेला अर्धा अर्थही आता देऊन टाकू या.