रिकामी पाठ

जुलै २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात जयसिंगपूरहून मावशीचा फोन आला. ती रडत होती. "आमची माधुरी नेली गं," एवढेच तिला बोलता येत होते.

माधुरी म्हणजे नांदणीच्या जैन मठाची हत्तीण. कागदोपत्री तिचे नाव महादेवी. शिरोळ तालुक्यातल्या या मठात ती १९९२ पासून होती. तिची तब्येत, तिचे पाय आणि तिचा एकटेपणा पाहून तिला जामनगरच्या वनतारा केंद्रात हलवावे, असे उच्चाधिकार समितीने ठरवले होते. १६ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला आणि २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. निरोप द्यायला गावेच्या गावे रस्त्यावर आली. पुढे पदयात्रा निघाली, लोकांनी मोबाइलची कार्डे बदलली, मुख्यमंत्र्यांना बैठक घ्यावी लागली.

मी दिल्लीत इतिहास शिकवते. शिकवण्याच्या सवयीने मी फोनवर म्हणाले, "मावशी, तिथं निदान तिच्या पायांवर उपचार तरी होतील." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग मावशी म्हणाली, "तू लांब राहतेस, तुला काय कळणार." फोन ठेवला. त्यानंतर दिवाळीपर्यंत आमचे बोलणे खुशालीपुरतेच राहिले.

हे माझ्या मनाला लागून राहिले, कारण हत्तीशी माझी ओळख मावशीनेच करून दिली होती. मी पाच-सहा वर्षांची असताना रात्री दचकून उठायचे. दारावर हत्ती घेऊन माहूत आला, तेव्हा मावशीने सुपातून ज्वारी आणि एक नारळ दिला आणि मला हत्तीच्या पोटाखालून एकदा इकडून तिकडे काढले. भीती जाते म्हणतात. माहुताने शेपटीचा एक केस दिला, तो सोनाराकडून अंगठीत बसवून घेतला. ती अंगठी अजून माझ्याकडे आहे. ज्या गोष्टीची बाजू मी मावशीपुढे घेतली होती, ती मी कधी डोळ्यांनी पाहिलीच नव्हती. म्हणून डिसेंबरात एका सकाळी गाझियाबादहून गाडी काढली आणि मथुरेच्या रस्त्याला लागले.

मथुरा जिल्ह्यात चुरमुरा नावाचे गाव आहे. वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेने २०१० मध्ये इथे हत्तींसाठी केंद्र सुरू केले. कार्तिक सत्यनारायण आणि गीता शेषमणी यांनी १९९५ मध्ये ही संस्था काढली. नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्राजवळच भारतातले पहिले हत्ती रुग्णालय उभे राहिले.

दिल्ली-आग्रा हा रस्ता म्हणजे हत्तींच्या इतिहासाचाच रस्ता. मधूनमधून मोगलांचे कोसमिनार अजून उभे दिसतात. पुढे सिकंदऱ्याला अकबर झोपला आहे. त्याच्या 'आईन-ए-अकबरी'त अबुल फजलने हत्तींचे सात वर्ग सांगितले आहेत. कोणत्या हत्तीला रोज किती खाणे, किती नोकर, हे ठरवून दिले आहे आणि हयगय झाली तर माहुताला दंडही लिहून ठेवला आहे. जहांगीर आपल्या आठवणींत सांगतो की थंडीत हत्ती सोंडेने अंगावर पाणी उडवून घेताना कुडकुडतात, हे पाहून त्याने त्यांच्यासाठी पाणी कोमट करायला लावले.

ही काळजी खोटी नव्हती, पण तिचा हिशेब वेगळा होता. कौटिल्यानेही हत्ती मारणाऱ्याला देहदंड सांगितला आहे. हत्तींची वने राखावीत, पिल्लू, दूध पाजणारी हत्तीण आणि आजारी हत्ती पकडू नये, वीस वर्षांचा पकडावा, असे नियम घातले आहेत. कारण घोड्या-बैलांसारखी हत्तींची पैदास घरी करणे परवडत नाही. मोठा होऊन कामाला येईपर्यंत तो नुसताच खातो. म्हणून राजाला जंगलातला मोठा झालेला हत्ती हवा असे, आणि हत्ती हवा म्हणून जंगलही हवे असे. इतिहासकार थॉमस ट्राउटमन यांनी हा संबंध सविस्तर मांडला आहे. माझ्या वर्गात मी तो दरवर्षी शिकवते. त्याची दुसरी बाजू मात्र कमी वेळा सांगते. मोकळा वाढलेला हत्ती माणसाला पाठीवर घ्यायला आपण होऊन तयार होत नाही. त्याला बांधून, उपाशी ठेवून, मारून तयार करावे लागते. अंकुश या शब्दाला आपण मराठीत 'नियंत्रण' असा गुळगुळीत अर्थ दिला आहे. मुळात ते टोचायचे लोखंड आहे.

राज्याला हत्ती लागत होता तो मुख्यतः वर बसण्यासाठी. सेनापती सगळ्या फौजेला दिसावा म्हणून. आग्र्याजवळच्या सामूगढला मे १६५८ मध्ये दारा शुकोह हत्तीवरून उतरला आणि फौजेला वाटले की तो पडला. पुढच्या वर्षी त्याची दिल्लीत धिंड काढली, तीही हत्तीवरूनच. बर्नियेने ती पाहिली होती. तो हत्ती मरतुकडा आणि चिखलाने माखलेला होता, असे तो लिहितो. त्या जनावराबद्दल एवढे एक वाक्य आले, तेही दाराची अवहेलना दाखवण्यासाठी.

मराठी माणसाला तर हे सांगायलाच नको. भाऊसाहेबांची फौज १७६० च्या जुलैत आग्रा-मथुरेच्या याच बाजूने दिल्लीकडे गेली. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर विश्वासराव पडले, भाऊ हत्ती सोडून घोड्यावर बसले, आणि रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला. लहानपणापासून आपण हे ऐकत आलो आहोत. रिकामी अंबारी म्हणजे सर्वनाश. त्या अंबारीखालच्या हत्तीचे पुढे काय झाले, हे ना आपण कधी विचारले, ना मी कधी शिकवले.

चुरमुऱ्याला पोहोचले तेव्हा धुके नुकते विरत होते. इथे आधी नाव नोंदवून यावे लागते. हत्तीवर बसणे नाही, त्याला उगाच हात लावणे नाही. आवारात मातीचे उंच ढीग केलेले दिसले. मला वाटले, बांधकाम चालू असेल. ते हत्तींसाठीच होते. सांधे धरलेल्या म्हाताऱ्या हत्तीला खाली बसले की पुन्हा उठवत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षे उभ्यानेच डुलक्या घेतो. मातीच्या उतारावर अंग टाकले की त्याला आडवे होता येते. इतकी साधी गोष्ट.

एका हत्तिणीचे पाय धुणे चालू होते. तिने लोखंडी गजांच्या चौकटीवर पाय उचलून ठेवला होता आणि पलीकडे एक माणूस कानशीने तिचे वाढलेले नख घासत होता. दुसरा तिला एकेक केळे देत होता. हातात अंकुश नाही, काठीही नाही. हत्तीचा तळवा दिसायला दगडासारखा, पण आतून मऊ गादी असते. जंगलात तो माती-गवतावरून मैलोन्मैल चालतो आणि नखे आपोआप झिजतात. डांबरावर चालवले की तळवा भाजतो, फाटतो. फरशीवर स्वतःच्या मूत्रात उभे केले की सडतो. पालकाप्याचा 'हस्त्यायुर्वेद' पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ मध्ये छापला. त्यात हत्तीच्या पायांच्या रोगांचा विचार आहे. म्हणजे आपल्याला हे माहीत नव्हते, असे म्हणायला जागा नाही.

मग ती हत्तीण वळली. तिच्या पाठीचा कणा उंचावलेला होता. हत्तीच्या मणक्यांना वरच्या बाजूला टोके असतात, हौद्याचे ओझे नेमके त्यांवर येते. आणि शेपटीला टोकाशी केस नव्हते. मी विचारले. केळी देणारा म्हणाला, "बहनजी, लोक उपटून विकतात ना, अंगठीसाठी." मी माझा हात शालीत घेतला. अंगठी बोटात नव्हती, घरी डब्यात होती, तरी घेतला.

इथल्या नोंदींत महाराष्ट्र पुष्कळ आहे. जून २०१३ मध्ये मुंबईत मुलुंडला बिजली नावाची हत्तीण कोसळली आणि उपचार चालू असताना गेली. त्याच वर्षी मुंबईच्या रस्त्यांवर भीक मागणाऱ्या लक्ष्मीला इथे आणले. वडापाव आणि मिठाई खाऊन तिचे वजन अतोनात वाढले होते. २०१५ मध्ये पुण्याहून लाखी आली, ती आंधळी होती. उत्तर प्रदेशातला राजू आला तो जुलै २०१४ मध्ये. पायात खिळ्यांच्या बेड्या घालून त्याला पन्नासेक वर्षे ठेवले होते. लक्ष्मी, लाखी, राजू. नावे आपण किती लाडाची ठेवतो. थंडीत इथे हत्तींना पांघरुणे घालतात. २०१७ च्या जानेवारीत जवळच्या बायकांनी त्यांच्यासाठी लोकरीचे कपडे विणले होते. मला जहांगीरचे कोमट पाणी आठवले. फरक एवढाच, की या हत्तींना उद्या लढाईला जायचे नाही.

पण हे सगळे सोपे नाही. इथून कोणी जंगलात परत जाणार नाही. जन्म माणसांत गेलेल्या हत्तीला तो रस्ता उरत नाही. भारतात पाळीव हत्ती साडेतीन हजारांच्या आसपास असल्याचा अंदाज २०१० च्या 'गज' अहवालात होता. त्याच वर्षी हत्तीला राष्ट्रीय वारसा प्राणी ठरवले. विक्रीला बंदी आहे, पण 'भेट' म्हणून हत्ती हातोहात फिरतात, आणि २०२२ च्या दुरुस्तीने धार्मिक किंवा अन्य कारणासाठी हत्ती दुसऱ्याकडे देण्याची वाट मोकळी ठेवली आहे. राजे गेले, पीलखाने गेले. हत्तीचा मान तेवढा राहिला आणि खर्च कोणी उचलायचा, हे ठरलेच नाही. तो शेवटी माहुताच्या गळ्यात पडला.

परत येताना दिल्लीत यमुना ओलांडली. लाल किल्ल्याच्या नौबतखान्याला हत्तीपोळ म्हणत. तिथे भल्याभल्यांना हत्तीवरून उतरावे लागे. २९ डिसेंबर १९०२ ला कर्झन याच शहरात हत्तीवर बसून दरबारासाठी आला. आणि याच नदीकाठी, पुलांच्या आडोशाला, लग्नांत भाड्याने जाणारे दिल्लीचे शेवटचे हत्ती राहत होते. त्यांतली शेवटची हत्तीण सप्टेंबर २०१९ मध्ये वनखात्याने नेली. तिचेही नाव लक्ष्मी. तिला हरियाणात यमुनानगरच्या केंद्रात ठेवले. तिच्या माहुताने सर्वोच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची याचिका केली. माणसाला कोणी डांबून ठेवले तर करतात ती. जानेवारी २०२० मध्ये ती आपल्या नागपूरच्या सरन्यायाधीश बोबडे यांच्यापुढे आली. हत्ती भारताचा नागरिक आहे का, असा प्रश्न न्यायालयाने विचारला, आणि दाद तिथे लागली नाही.

बातमी वाचून तेव्हा मी हसले होते. आता पुलावरच्या गर्दीत गाडी थांबली असताना हसू आले नाही. त्या माहुताने तिला लपवले, ते चूक होते. तिचे पाय डांबरावर झिजले, तेही खरे. आणि ती गेल्यावर त्याने कोर्टाची पायरी चढली, तेही खरे. जयसिंगपूरला रडणारी मावशी खोटे रडत नव्हती. माझी चूक ही झाली की तिचे रडणे हे अज्ञान आहे असे मी धरून चालले. प्रेम होतेच. ते सोंडेकडून केलेले होते. पायांकडे पाहायला कोणी शिकवले नव्हते, माझ्या इतिहासाने तर नाहीच.

रात्री मावशीला फोन केला. कुठे गेले होते ते सांगितले. मातीचे ढीग, पाय धुणे, केळी, पांघरुणे. शेपटीचेही सांगितले. अंगठीचा विषय निघाल्यावर ती गप्प झाली. मग तिने विचारले, "तिथं हाक मारणारं कोणी असतं का गं? आपल्या नावानं?"

मी म्हणाले, "असतं. आणि हाक मारली की त्या येतात."

"वर बसत नाही कोणी?"

"नाही मावशी. पाठ रिकामी असते."

ती जरा थांबली. म्हणाली, "नांदणीत असं करता आलं असतं."

"आलं असतं," मी म्हणाले. "आपण केलं नाही."

यावेळी तिने फोन ठेवला नाही.