१०२४व्या सिलिंडरची हद्द

* लेखकाने इथे हार्ड डिस्कच्या अगदी सुरुवातीला '/बूट' हे छोटे पार्टिशन करायला सांगितले आहे. आज ते अनावश्यक वाटेल, पण त्या सूचनेमागे भक्कम कारण आहे. जुना बायॉस डिस्कवरची जागा सिलिंडर, हेड आणि सेक्टर या तीन आकड्यांनी शोधत असे. सिलिंडरच्या आकड्याला १० बिटच असल्याने पहिल्या १०२४ सिलिंडरांपलीकडचे त्याला वाचताच येत नसे. आयडीई डिस्कवर ही हद्द सुमारे ५२८ मेगाबाइटला येई; पुढे आकड्यांचे रूपांतर करून ती ८.४ गिगाबाइटपर्यंत ताणली गेली. लिनक्स एकदा चालू झाले की डिस्क स्वतःच वाची, बायॉसवर विसंबत नसे. प्रश्न फक्त त्याआधीच्या क्षणांचा होता, कारण कर्नल मेमरीत आणणारा 'लिलो' बायॉसमार्फतच काम करी. सर्वांत फसवा प्रकार म्हणजे, मोठ्या एकाच पार्टिशनवर सगळे महिनोन्‌महिने सुरळीत चाले. मग नवा कर्नल टाकताना ती फाइल हद्दीपलीकडे लिहिली जाई आणि यंत्र सुरू होणे बंद पडे. बायॉसच्या विस्तारित सेवा आणि त्या वापरणारे नवे लोडर आल्यावर ही अट सुटली. तरीही एखादा जुना ४८६ पुन्हा चालू करू पाहणाऱ्याने लेखकाची ही सूचना गाळू नये. – संपा.