पंख्याचा तोल : घरगुती विमानांच्या कंपनाचा शतकभराचा इतिहास

३ सप्टेंबर २०२१ रोजी बंगळुरूच्या आकाशात ‘हंसा-एनजी’ या दोन आसनी प्रशिक्षण विमानाने पहिले उड्डाण केले. नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज, म्हणजेच नॅल, या संस्थेच्या हंसा मालिकेतील हे नवे विमान. या प्रयोगशाळेने ऐंशीच्या दशकात संमिश्र द्रव्यांचे एक लहान संशोधन विमान बांधले होते. त्याचा आधार होता अमेरिकेतील बर्ट रुटान यांचे ‘लाँग-ईझी’ हे विमान. ‘लाँग-ईझी’ कोणत्याही कारखान्यात तयार होत नसे. त्याचे आराखडे विकत घेऊन हौशी माणसे ते आपल्या गॅरेजमध्ये बांधत. म्हणजे भारताच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतील हलक्या विमानांच्या वाटचालीतही घरगुती विमानाचा एक धागा गुंफलेला आहे.

घरी विमान बांधणाऱ्यापुढचे काही प्रश्न डोळ्यांना दिसतात: पंखांचा आकार, सांगाड्याची बळकटी, इंजिनाची शक्ती. एक प्रश्न मात्र इंजिन सुरू होईपर्यंत दिसतच नाही. तो म्हणजे कंपनाचा. इंजिन आणि प्रोपेलर यांचा तोल किंचित जरी ढळला, तरी तो दोष प्रत्येक फेऱ्यागणिक साऱ्या विमानाला एक धक्का देतो. प्रोपेलर मिनिटाला २,७०० फेरे घेत असेल, तर असे धक्के सेकंदाला ४५ बसतात, तासाला १ लाख ६२ हजार. सुमारे ६२ तासांच्या उड्डाणात ही संख्या एक कोटीवर जाते.

ही मोजदाद महत्त्वाची का, याचे उत्तर रेल्वेने दिले होते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील ऑगस्ट व्होलर यांनी आगगाडीच्या आसांवर दीर्घकाळ प्रयोग केले. एका झटक्यात जो भार धातू सहज सोसतो, त्याहून कितीतरी लहान भार लाखो वेळा आलटून-पालटून दिला तर तोच धातू तुटतो, असे त्यांनी दाखवले. यालाच धातूची थकावट म्हणतात. पोलादाच्या बाबतीत निदान अशी एक मर्यादा सापडते, की तिच्याखालचे धक्के ते जवळजवळ अमर्याद काळ सोसू शकते. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही, आणि विमानात ॲल्युमिनियमच अधिक असते. म्हणून विमानातील कंपन हा केवळ वैमानिकाच्या सुखसोयीचा प्रश्न नाही. इंधनाच्या नळीला, इंजिनाच्या बैठकीला किंवा प्रोपेलरच्या पात्याला तडा कधी जाईल, हे त्यावरच ठरते.

जगातील पहिल्या यशस्वी विमानालाही या शत्रूने अडवून धरले होते. ऑर्व्हिल आणि विल्बर राइट यांचे १९०३ चे ‘फ्लायर’ हे खऱ्या अर्थाने घरगुती विमान होते. डेटनमधील सायकलच्या दुकानात ते आकाराला आले. त्याचे सुमारे १२ अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे इंजिन त्यांचे कारागीर चार्ली टेलर यांनी अवघ्या सहा आठवड्यांत बनवले. इंजिनापासून साखळ्यांनी दोन प्रोपेलर फिरवले जात. नोव्हेंबर १९०३ मध्ये किटी हॉकजवळच्या वाळूत इंजिनाची चाचणी सुरू झाली आणि त्रास सुरू झाला. इंजिनाचे स्फोट अनियमित होत होते. त्या हिसक्यांनी साखळ्या ओढल्या जात आणि प्रोपेलरच्या दांड्यांना इजा होई. दांडे दुरुस्तीसाठी डेटनला पाठवावे लागले.

दांडे दुरुस्त होऊन आले, तर साखळीची दातेरी चाके सैल होऊ लागली. कितीही आवळली तरी ती काही मिनिटांत ढिली पडत. अखेर राइट बंधूंनी सायकलचे टायर चिकटवण्याचा डिंक तापवून आट्यांमध्ये ओतला, तेव्हा ती चाके जागेवर बसली. त्यानंतर २८ नोव्हेंबरला एका पोकळ दांड्याला तडा गेलेला आढळला. ऑर्व्हिल पुन्हा डेटनला गेले, स्प्रिंगच्या पोलादाचे भरीव दांडे बनवून घेतले आणि ११ डिसेंबरला परतले. १७ डिसेंबरला इतिहास घडला. उड्डाणाचे गणित आधीच सुटले होते, पण इंजिनाच्या हिसक्यांमुळे त्यांचे कित्येक दिवस खर्ची पडले.

एका बाबतीत मात्र राइट बंधू सुदैवी होते. त्यांचे प्रोपेलर मिनिटाला सुमारे ३५० फेरेच घेत. फिरणाऱ्या वस्तूचे असंतुलन जे बल निर्माण करते, ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, एखाद्या प्रोपेलरवर मध्यापासून ३० सेंटिमीटरवर ५ ग्रॅम वजन जास्त आहे. ३५० फेऱ्यांना त्याचे बाहेर खेचणारे बल सुमारे २ न्यूटन, म्हणजे २०० ग्रॅम वजनाइतके होते. २,७०० फेऱ्यांना तेच ५ ग्रॅम सुमारे १२० न्यूटनांनी, म्हणजे १२ किलो वजनाइतक्या बलाने खेचू लागतात. दोष तितकाच राहतो, परिणाम मात्र जवळजवळ साठपट होतो. इंजिने जसजशी वेगवान झाली, तसतसा तोलाचा प्रश्न कारागिराच्या हातातून गणितज्ञाच्या टेबलावर गेला.

हौशी विमानकारांची परंपरा राइट बंधूंनंतरही चालू राहिली. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील बर्नार्ड पिटेनपोल यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस फोर्डच्या ‘मॉडेल ए’ मोटारीचे इंजिन विमानाला बसवले. १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी हौशी विमानकारांची संघटना स्थापन केली आणि या छंदाला संस्थेचे रूप मिळाले. मोटारीचे इंजिन स्वस्त असते, हाताशी असते. पण ते मोटारीसाठी बनलेले असते. विमानात त्याच्या क्रँकशाफ्टला लांब, जड प्रोपेलर जोडला की साऱ्या यंत्रणेचा स्वभाव बदलतो.

म्हणून जाणते विमानकार इंजिन उघडून पहिले काम तराजूवर करत. सर्व पिस्टन एकाच वजनाचे केले जात. जो जड असेल त्याच्या आतील बाजूचा धातू थोडा खरवडायचा. पिस्टन आणि क्रँकशाफ्ट यांना जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे वजन करताना त्याची दोन्ही टोके स्वतंत्रपणे तोलावी लागत. कारण त्याचे मोठे टोक गोल फिरते आणि लहान टोक पिस्टनबरोबर पुढे-मागे धावते. दोन रॉडचे एकूण वजन सारखे असूनही टोकांची वाटणी वेगळी असेल, तर इंजिनाचा तोल बिघडतोच.

प्रोपेलरची कसोटी त्याहून साधी दिसे. त्याच्या मध्यातून सरळ दांडा घालून तो दोन समांतर, धारदार आणि अगदी सपाट पट्ट्यांवर ठेवायचा. जड पाते आपोआप खाली येते. लाकडी प्रोपेलर असेल तर हलक्या पात्याच्या टोकाला वॉर्निशचा एखादा हात द्यायचा, आणि कोणत्याही स्थितीत तो स्थिर राहीपर्यंत हे करत राहायचे. लाकडाची आणखी एक खोड आहे. प्रोपेलर उभा ठेवून विमान बरेच दिवस उभे राहिले, तर ओलावा खालच्या पात्यात उतरतो आणि साधलेला तोल पुन्हा जातो. म्हणूनच लाकडी प्रोपेलर आडवा ठेवण्याची शिस्त आजही पाळली जाते. पावसाळी हवेत तिचे महत्त्व अधिकच.

या कसोटीत एक उणीव होती. पट्ट्यांवर तोलला जातो तो एकटा, स्थिर प्रोपेलर. उडताना तो क्रँकशाफ्ट, स्टार्टरची दातेरी कडी आणि टोकावरची शंकूसारखी टोपी यांच्यासह फिरतो. १५ किलोचा अगदी निर्दोष प्रोपेलर बसवताना अक्षापासून फक्त ०.१ मिलिमीटर सरकला, तर त्याने होणारे असंतुलन ३० सेंटिमीटरवर ठेवलेल्या ५ ग्रॅमइतके असते. म्हणजे पुन्हा तेच १२ किलोचे बल. सुटा प्रोपेलर बिनचूक तोलला तरी जोडलेली यंत्रणा तोललेली असेलच असे नाही.

यावर उपाय विमानविद्येबाहेरून आला. वीजकेंद्रांतील टर्बाइन आणि जनित्रे हजारो फेऱ्यांनी फिरत होती, आणि ती उचलून संतुलनाच्या यंत्रावर नेणे प्रत्येक वेळी शक्य नव्हते. १९३४ मध्ये अमेरिकन अभियंते ई. एल. थर्ल यांनी यंत्र जागेवरच, चालू स्थितीत तोलण्याची पद्धत मांडली. तिच्यामागची कल्पना शाळकरी भूमितीइतकी साधी आहे. कंपनाला परिमाण असते आणि दिशाही असते, म्हणजे ते सदिश राशीसारखे कागदावर बाणाने काढता येते. आधी आहे तसे कंपन मोजायचे. मग माहीत असलेले एक चाचणी-वजन माहीत असलेल्या जागी लावून पुन्हा मोजायचे. दोन बाणांतील फरक हा त्या वजनाचा परिणाम.

समजा, पहिले मोजमाप ०.५० एकक आणि ० अंश आले. १० ग्रॅमचे वजन लावल्यावर ते ०.३० एकक आणि ९० अंश झाले. दोन बाणांच्या टोकांना जोडणारी रेषा ०.५८ एकक भरते. १० ग्रॅमने एवढा बदल घडवला, आणि घालवायचे आहे ते मूळ ०.५० एकक. म्हणून त्रैराशिकाने वजन सुमारे ८.६ ग्रॅम हवे. त्याची जागाही सुमारे ३१ अंशांनी बदलायला हवी, म्हणजे त्याचा बाण मूळ बाणाच्या नेमका विरुद्ध येईल. कोनमापक, पट्टी आणि पेन्सिल एवढ्या साहित्यात हे गणित सुटते. आज घरगुती विमानांचे प्रोपेलर विमानावरच तोलले जातात, ते याच तत्त्वावर.

दिशा मोजणे मात्र दीर्घकाळ महागडे काम होते. हेलिकॉप्टरच्या देखभालीसाठी कंपनमापक आणि लुकलुकणारा दिवा यांची जोडी प्रचारात आली, आणि तीच पद्धत पुढे प्रोपेलरकडे वळली. आता इंजिनावर एक लहान त्वरणमापक आणि पात्यावर परावर्तक पट्टीचा तुकडा लावला, की हातात मावणारे उपकरण दोन्ही आकडे देते. कंपन सेकंदाला इंच या एककात सांगण्याचा प्रघात आहे. ०.२ पर्यंतचे कंपन सामान्यतः चालते, ०.०७ च्या आत आले तर काम उत्तम समजतात. २,७०० फेऱ्यांना ०.२ म्हणजे इंजिनाचे मध्यापासून ०.०१८ मिलिमीटर इतकेच हलणे. मानवी केसाच्या जाडीहूनही ते कमी आहे.

तरीही साऱ्या कंपनांवर हे वजन औषध ठरत नाही. ते फेऱ्यामागे एकदा बसणारा धक्काच शमवू शकते. चार सिलिंडरच्या चतुर्घाती इंजिनात प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात, आणि प्रत्येक स्फोट क्रँकशाफ्टला पीळ देतो. या पिळाची वारंवारता दांड्याच्या स्वाभाविक वारंवारतेशी जुळली की अनुनाद घडतो आणि लहान हिसके प्रचंड होतात. तिसाव्या दशकात मोठ्या विमान-इंजिनांना या पिळाने ग्रासले होते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे ई. एस. टेलर आणि राइट एरोनॉटिकल कंपनीचे रोलंड चिल्टन यांनी क्रँकशाफ्टच्या प्रतिवजनालाच लंबकासारखे झुलते केले. या लंबकाला गुरुत्वाकर्षणाऐवजी फिरण्यातून येणारे केंद्रोत्सारी बल मिळते. त्यामुळे इंजिनाचा वेग वाढला की लंबकाची वारंवारताही त्याच प्रमाणात वाढते, आणि तो प्रत्येक वेगाला पिळाचा विरोध करत राहतो. असे झुलते प्रतिवजन आजही अनेक पिस्टन विमान-इंजिनांत असते.

या इतिहासातून निघालेला एक नियम प्रत्येक विमानकाराने पाळावा असा आहे. काल शांत चालणारे इंजिन आज अचानक थरथरू लागले, तर तोलाचे वजन हाती घेण्याआधी कारण शोधायचे. पात्याला तडा गेलेला असू शकतो, बोल्ट ढिला असू शकतो, एखादा सिलिंडर दुबळा झालेला असू शकतो किंवा पात्यांचे कोन परस्परांशी जुळत नसतील. अशा वेळी वजन लावून कंपन दाबले, तर धोक्याची सूचनाच पुसली जाते.

भारतात घरगुती विमानांची चळवळ लहान आहे, पण ती आहे. मुंबईत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते देशाने पाहिले, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०१९ मध्ये चाचणी-उड्डाणाची परवानगी मिळाली. बंगळुरूच्या ‘हंसा-एनजी’मधील रोटॅक्स इंजिन मिनिटाला ५,८०० फेऱ्यांपर्यंत जाते. २.४३ पट गती कमी करणारी दातेरी पेटी प्रोपेलरला सुमारे २,४०० फेऱ्यांवर ठेवते, आणि त्या पेटीत पिळाचे हिसके शोषणारी रचनाही असते. राइट बंधूंच्या साखळीनेही वेग कमी करण्याचेच काम केले होते, पण हिसके शोषणारे तिच्यात काही नव्हते. ती उणीव त्यांना टायरच्या डिंकाने आणि स्प्रिंगच्या पोलादाने भरून काढावी लागली.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना याची चव घ्यायला विमानाची गरज नाही. टेबलावरचा पंखा, पात्याला चिकटवलेले एक नाणे आणि कंपन मोजणारा मोबाइल एवढ्यावर थर्ल यांचा प्रयोग सुरू करता येतो. पंखा जाळीबंद ठेवावा, नाणे घट्ट चिकटवावे आणि वेग कमीत कमी असावा. दुप्पट वेगाला चौपट बल, हे सूत्र पुस्तकात एका ओळीत मावते. चिकटलेले नाणे सुटून जाळीवर आदळले, की त्या ओळीचे वजन कळते.