रातकिड्याचा कान

रत्नागिरीत पावसाळ्यात लाईट गेली की पंखा थांबतो आणि रातकिड्यांची किरकिर एकदम मोठी होते. लहानपणी मी अब्बांना विचारलं होतं, "हे सगळे एवढे ओरडतात, मग एकमेकांचं ऐकू कसं येतं?" अब्बा म्हणाले, "तू बडबडतोस तेव्हा तुला माझं ऐकू येतं का?" पुढे मी मुशायऱ्यांत बसू लागलो. आपली गझल म्हणायची वेळ जवळ आली की आधीच्याची कानात शिरेना. तेव्हा तो प्रश्न पुन्हा आठवला.

मंडळी, रातकिड्यांत गातो तो नर. पंखावर पंख घासून. आणि त्याचा कान असतो पुढच्या पायावर, गुडघ्याच्या जरा खाली! पण मादी नराकडे येते ती आवाजाने की वासाने? व्हिएन्नातले शिक्षक योहान रेगेन यांनी १९१३ साली चक्क टेलिफोन लावला. एका टोकाला नर, दुसऱ्या टोकाला मादी. नर गाऊ लागला आणि मादी रिसीव्हरकडे चालू लागली. तारेतून वास काही जात नाही.

पायातली खबर आधी छातीतल्या चेतापेशींच्या गाठीत पोचते. तिथे डावा आणि उजवा कान ताडून पाहिले जातात, त्यावरून दिशा कळते. मग खबर मेंदूकडे जाते. केंब्रिजच्या बर्थोल्ड हेडविग आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवलं, की आपल्या जातीचं गाणं ओळखायला मादीच्या मेंदूतल्या पाच चेतापेशी पुरतात. फक्त पाच! खबरीला वाटा दोन, एक सरळ आणि एक मुद्दाम उशीर करणारी. आधीच्या ठोक्याची उशिरा आलेली खबर आणि पुढच्या ठोक्याची ताजी खबर एकाच क्षणी भेटल्या, तरच ओळख पटते. मात्रा चुकली की दाद नाही. आमच्या मुशायऱ्यांतले श्रोते त्या मानाने फार दयाळू.

राहिला माझा प्रश्न. स्वतःचेच पंख इतक्या जवळ वाजत असताना नर बहिरा कसा होत नाही? त्याचं उत्तर हेडविग यांच्याच प्रयोगशाळेतून २००६ साली आलं. नराच्या शरीरात दोन्ही बाजूंना एकेक खास चेतापेशी असते. पंख वाजवायचा हुकूम सुटला की ती छातीतल्या ऐकणाऱ्या पेशींना तेवढ्यापुरतं दाबून धरते. किरकिर थांबली की पकड सुटते, आणि दोन किरकिरींच्या मधल्या फटीत शेजारचा नर त्याला नीट ऐकू येतो.

म्हणजे अब्बांचं उत्तर निम्मं बरोबर होतं. ते असते तर उरलेलं निम्मं मी त्यांना सांगितलं असतं, मध्ये थांबत थांबत.