टायटेनियमची रोड बाइक : डिस्कव्हरी गार्डन्समधील सायकलस्वारांसाठी परिचय

दुबईत जबल अलीच्या परिसरात, इब्न बतूता मॉलपासून जवळच, डिस्कव्हरी गार्डन्स ही नखील कंपनीने उभारलेली निवासी वसाहत आहे. झेन, मेडिटेरेनियन, मुघल, कॅक्टस, मेसोअमेरिकन आणि कंटेम्पररी अशा सहा विभागांत तिच्या बुटक्या इमारती विभागलेल्या असून त्यांत बहुतांश स्टुडिओ व एका शयनकक्षाची घरे आहेत. भारतीय नोकरदारांची येथे मोठी वस्ती आहे. घर भाड्याचे, मुक्काम व्हिसाच्या मुदतीचा आणि सामान कधीतरी आवरायचेच, हे येथील बहुतेकांच्या आयुष्याचे सूत्र होय. अशा घरात दाराशी उभी असलेली टायटेनियमची सायकल थोडी विसंगत वाटू शकते. ती महाग असते, जागा अडवते आणि स्पर्धेच्या हिशेबाने सर्वांत वेगवानही नसते. तरीही जाणते सायकलस्वार तिच्याकडे वळतात. त्यामागची कारणे, निवडीचे निकष आणि आखाती हवेत घ्यावयाची निगा यांचा हा परिचय.

धातूची ओळख

इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात विल्यम ग्रेगर यांना १७९१ मध्ये काळ्या वाळूत एक नवे मूलद्रव्य आढळले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ मार्टिन क्लाप्रोट यांनी १७९५ मध्ये त्याला ग्रीक पुराणातील टायटन या महाकाय देवतांवरून टायटेनियम हे नाव दिले. खनिज विपुल असले तरी त्यापासून शुद्ध धातू मिळवणे अत्यंत कठीण होते. लक्झेंबर्गचे धातुशास्त्रज्ञ विल्यम क्रोल यांनी मॅग्नेशियमच्या साह्याने टायटेनियम वेगळे करण्याची पद्धत विकसित केली आणि १९४० मध्ये तिचे अमेरिकी पेटंट मिळवले. व्यापारी उत्पादन १९४८ च्या सुमारास सुरू झाले व प्रारंभी त्याचा मुख्य ग्राहक विमान उद्योग होता.

मराठी वाचकाला या धातूचे मूळ खनिज परके नाही. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर वाळूत जे काळे, जड कण दिसतात, त्यांत इल्मेनाइट म्हणजे लोह आणि टायटेनियम यांचे ऑक्साइड असते. कातळाची झीज होऊन हे कण नद्यांवाटे समुद्राकाठी येतात आणि लाटा त्यांना निवडून बाजूला काढतात. केरळमधील चवरा येथे अशाच वाळूवर आधारित उद्योग असून तेथे टायटेनियम स्पंज, म्हणजे धातूचे सच्छिद्र प्राथमिक रूप, तयार करणारा भारताचा पहिला कारखाना २०११ मध्ये सुरू झाला. जगभरातील बहुतांश टायटेनियम खनिज मात्र धातूसाठी वापरलेच जात नाही. रंग, कागद आणि प्लास्टिक यांना शुभ्रता देणाऱ्या भुकटीसाठी ते खर्ची पडते. सायकलीच्या वाट्याला येणारा अंश अगदी अल्प आहे.

सायकलीपर्यंतचा प्रवास

टायटेनियमच्या सायकली १९७० च्या दशकात बाजारात दिसू लागल्या. ब्रिटनच्या स्पीडवेल कंपनीची फ्रेम १९७३ ची तूर द फ्रान्स जिंकणाऱ्या लुईस ओकान्या याने त्या शर्यतीच्या काही टप्प्यांत वापरली होती. अमेरिकेत टेलिडाइन कंपनीची टायटन ही सायकलही त्याच दशकातली. या आरंभीच्या फ्रेम हलक्या होत्या. पण त्या वाकत, लवत आणि काहींना तडेही जात. दोष धातूपेक्षा त्याच्या वापरात होता. पोलादी सायकलीच्या मापाच्या बारीक नळ्या टायटेनियममध्ये तशाच घेतल्या, तर त्या ढिल्या पडणे क्रमप्राप्त होते.

त्याचे गणित सोपे आहे. टायटेनियमची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ४.५ ग्रॅम, तर पोलादाची ७.८ ग्रॅम. वजन असे जवळजवळ निम्म्यावर येते, परंतु ताठपणाही जवळजवळ निम्म्यावर येतो. तो भरून काढण्यासाठी नळीचा व्यास वाढवावा लागतो. १९८६ मध्ये अमेरिकेत मर्लिन आणि लाइटस्पीड या दोन कंपन्यांचा उदय झाला, तेव्हा हे तत्त्व कारागिरांच्या अंगवळणी पडू लागले. विमानांतील द्रववाहक नळ्यांसाठी विकसित झालेला, ३ टक्के ॲल्युमिनियम आणि २.५ टक्के व्हॅनेडियम असलेला मिश्रधातू सायकलीच्या नळ्यांसाठी प्रस्थापित झाला. ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियमचा मिश्रधातू याहून मजबूत असतो. मात्र त्याच्या जोडरहित नळ्या बनवणे अवघड असल्याने तो मुख्यतः चाके बसवण्याच्या खाचा व तत्सम भागांसाठी वापरतात. पुढे सेव्हन, मूट्स, लिन्स्की, इटलीची पासोनी आणि नेदरलँड्सची व्हॅन निकोलस ही नावे या क्षेत्रात रुजली.

कौतुक कशाचे करावे

टायटेनियमविषयी अतिशयोक्ती पुष्कळ होते. 'हा धातू रस्त्याचे धक्के पिऊन टाकतो' हे विधान अर्धसत्य आहे. बसणाऱ्याला जाणवणारा आराम प्रामुख्याने टायरची रुंदी, त्यातील हवेचा दाब, सीटपोस्ट आणि बसण्याची ढब यांवर ठरतो. २५ मिलिमीटरचे टायर काढून ३० किंवा ३२ मिलिमीटरचे घातले आणि दाब योग्य ठेवला, तर पडणारा फरक कोणत्याही धातूच्या फरकापेक्षा मोठा असतो. वजनाच्या बाबतीतही कार्बन पुढे आहे. उंची कार्बन फ्रेम एक किलोच्या आत भरते, तर टायटेनियमची सामान्यतः सव्वा ते पावणेदोन किलोची असते.

मग तिचे खरे मोल कोणते? पहिले म्हणजे गंजाला तिचा असलेला विरोध. हवेशी संपर्क येताच धातूच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर बनतो आणि ओरखडा पडला तरी तो आपोआप पुन्हा तयार होतो. त्यामुळे रंगाची गरज राहत नाही. दुसरे म्हणजे थकव्याला तोंड देण्याची क्षमता. नीट घडवलेली फ्रेम वर्षानुवर्षांच्या ताणानंतरही टिकते. तिसरे म्हणजे कारागिरी डोळ्यांना दिसते. तापलेले टायटेनियम हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन शोषून ठिसूळ होते, म्हणून वेल्डिंग करताना नळीच्या आतून आणि बाहेरून आर्गॉन वायूचे आवरण द्यावे लागते. उत्तम जोड रुपेरी किंवा फिकट पिवळसर दिसतो आणि त्यावरील लाटा नाण्यांच्या चळतीसारख्या एकसारख्या असतात. करडा किंवा पांढुरका, भुकटीसारखा जोड धोक्याची खूण मानावी. रंगाखाली दडवण्यासारखे येथे काही नसते, हेच या सायकलीचे सौंदर्य होय.

येथील रस्ते आणि ऋतू

डिस्कव्हरी गार्डन्सच्या अंतर्गत रस्त्यांवर फेरफटका शक्य असला, तरी लांब पल्ल्यासाठी बहुतेक सायकलस्वार मोटारीत सायकल घालून अल कुद्राचा वाळवंटी मार्ग गाठतात. ऐंशी किलोमीटरहून अधिक लांबीचा हा स्वतंत्र मार्ग मोटारींपासून अलग आहे. नाद अल शेबा येथील मार्ग त्याहून छोटा. चढणीची आवड असणारे अल ऐनजवळील जबल हफीतची सुमारे ११ किलोमीटरची वाट किंवा रास अल खैमातील जबल जैसचा सुमारे २० किलोमीटरचा घाट निवडतात. २०१९ पासून भरणाऱ्या यूएई टूर या व्यावसायिक शर्यतीने हे दोन्ही डोंगर जगाच्या परिचयाचे केले. दुबईत हेल्मेट बंधनकारक आहे.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे सायकल पहाटेच बाहेर पडते. परंतु पहाटेची हवा समुद्राच्या बाष्पाने जड असते. हँडलवरून, वरच्या नळीवरून घामाच्या धारा वाहतात आणि त्यातील मीठ बोल्टांच्या फटींत उतरते. वारा सुटला की बारीक वाळू साखळीत व बेअरिंगांत शिरते. पोलादी फ्रेम अशा हवेत आतून गंजू शकते, ॲल्युमिनियमच्या रंगाखाली फोड येतात. टायटेनियमवर मात्र या मिठाचा परिणाम होत नाही. किनारपट्टीच्या हवेत ती शोभून दिसते, ती या कारणाने. आणि आखातातील हवा सोसणारी फ्रेम उद्या कोकणातील पावसाळाही निमूटपणे सोसते.

निवड करताना

चांगल्या टायटेनियम फ्रेमची किंमत डिस्कव्हरी गार्डन्समधील स्टुडिओच्या काही महिन्यांच्या भाड्याइतकी होऊ शकते. ज्याची नोकरी आणि वास्तव्य एकमेकांत गुंतलेले आहे, त्याने ती क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर घेऊ नये. टिकाऊ वस्तूचा आनंद कर्जाच्या चिंतेत विरून जातो.

फ्रेम दीर्घकाळ वापरायची असल्याने तिच्या मापांकडे वजनापेक्षा जास्त लक्ष द्यावे. क्रँकचे बेअरिंग दाबून बसवण्याऐवजी आट्यांनी बसणारे असावे. करकर आवाजाचा त्रास कमी होतो आणि दुरुस्ती साध्या दुकानातही होते. सीटपोस्ट गोल आणि प्रचलित व्यासाचा, उदाहरणार्थ २७.२ मिलिमीटरचा असावा. डिस्क ब्रेक, १२ मिलिमीटरचे आरपार ॲक्सल, किमान ३२ मिलिमीटर टायरला जागा आणि बदलता येणारा डिरेल्युअर हँगर असल्यास सुटे भाग दुबईप्रमाणे पुण्यात किंवा नाशकातही मिळण्याची शक्यता वाढते. फ्रेमची उंची व लांबी शरीराला जुळणे सर्वांत महत्त्वाचे. न जुळणारी फ्रेम कितीही टिकली तरी तिचा उपयोग नाही.

वसाहतीतून कोणी ना कोणी मायदेशी परतत असल्याने वापरलेल्या सायकलीही विक्रीस येतात. अशी फ्रेम घेताना ती पुसून, विजेरीच्या प्रकाशात प्रत्येक जोडाभोवती केसासारखी रेष दिसते का ते पाहावे. हँडलखालची नळी, क्रँकचा भाग आणि मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या विशेष तपासाव्यात. सीटपोस्ट सहज वर-खाली होतो का, हे विक्रेत्यासमोरच पाहावे. कंपनीची आजीवन हमी बहुधा पहिल्या मालकापुरतीच असते, हेही ध्यानात ठेवावे. मूळ पावती आणि फ्रेमवरील क्रमांक यांचा मेळ बसल्याशिवाय व्यवहार करू नये.

निगा

टायटेनियमला निगा लागत नाही, हा समज सर्वांत महागात पडणारा आहे. फ्रेम गंजत नाही. तिला जोडलेले भाग गंजतात. ॲल्युमिनियम आणि टायटेनियम एकमेकांना टेकलेले असताना मध्ये खारा घाम आला, की विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि त्यात ॲल्युमिनियमचा बळी जातो. त्याची भुकटी फुगून सीटपोस्ट फ्रेममध्ये कायमचा अडकू शकतो. उपाय सोपा आहे. ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट आणि सर्व आटे यांना सांधे अडकू न देणारे खास ग्रीस लावावे, दर तीन महिन्यांनी पोस्ट बाहेर काढून पुसावा व पुन्हा लेप द्यावा. पोस्ट कार्बनचा असल्यास ग्रीसऐवजी कार्बनसाठीची पेस्ट वापरावी. बोल्ट नेहमी ठरावीक जोरानेच, टॉर्क पान्याने आवळावेत.

प्रत्येक फेरीनंतर साध्या पाण्याने घाम धुऊन सायकल कोरडी करावी आणि वाळूचे कण काढल्यावरच साखळीला तेल द्यावे. ब्रश केलेल्या पृष्ठभागावरील ओरखडे स्वयंपाकघरातील हिरव्या घासणीसारख्या जाळीने, मूळ रेषांच्याच दिशेने हलके घासल्यास पुसट होतात. सायकल बाल्कनीत ठेवू नये. उन्हाने टायर, ब्रेकवरील रबर आणि हँडलची पट्टी लवकर खराब होते. ट्यूबविरहित टायरमधील द्रवही उष्णतेत लवकर सुकतो.

'टायटेनियमची सायकल' म्हणताना टायटेनियमची असते ती फ्रेम. पुढचा फोर्क जवळजवळ नेहमी कार्बनचा असतो. अपघातानंतर फ्रेम धड दिसली तरी फोर्क जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि शंका असल्यास बदलावा. फ्रेमला तडा गेलाच, तर तो जोडता येतो. मात्र आर्गॉनच्या आवरणात टायटेनियम जोडण्याचा अनुभव असलेल्याच कारागिराकडे ते काम द्यावे.

परतीच्या सामानात

लांब पल्ल्याच्या सायकलिंगची मराठी भागात मोठी ओढ आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण केली, तर नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने पार केली. अशा यशाचे श्रेय कोणत्याही धातूला देता येत नाही. पण लांब अंतर आणि लांब काळ यांची ओढ असणाऱ्यालाच टायटेनियमचे मर्म उमगते, एवढे खरे.

मुदत संपते, घर रिकामे होते, फर्निचर मिळेल त्या किमतीला जाते. तेव्हा चाके, पेडल आणि हँडल सोडवून ही सायकल एका खोक्यात मावते. बांधण्यापूर्वी मागचा डिरेल्युअर काढून फ्रेमच्या आत सुरक्षित ठेवावा, टायरमधील हवा कमी करावी आणि खरेदीची पावती हाताशी ठेवावी, म्हणजे सीमाशुल्क तपासणीत वापरातील वस्तू म्हणून ती दाखवता येते. पुढील वर्षांत साखळी बदलेल, चाके बदलतील, गिअर बदलतील. फ्रेम तीच राहील. भाड्याच्या घरात राहणाऱ्या माणसाजवळ पिढीभर टिकणाऱ्या वस्तू थोड्याच असतात. नीट निवडलेली आणि दर तीन महिन्यांनी उघडून पुसलेली टायटेनियमची सायकल त्यांपैकी एक होऊ शकते.