यांत्रिक वेगमापक (जुन्या मोटारगाड्यांतील)

यांत्रिक वेगमापक किंवा यांत्रिक स्पीडोमीटर हे मोटारगाडीचा तात्कालिक वेग दाखवणारे, विजेच्या पुरवठ्याविना चालणारे उपकरण आहे. विसाव्या शतकातील बहुसंख्य मोटारींमध्ये ते वापरले जात असे. भारतातील हिंदुस्तान ॲम्बॅसेडर, तसेच मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या गाड्यांतही याच प्रकारचे वेगमापक होते. वयोमानानुसार अशा उपकरणाचा काटा थरथरू लागतो, उड्या मारतो किंवा चुकीचा वेग दाखवतो. हे दोष बहुतेक वेळा उपकरण न बदलता दूर करता येतात.

इतिहास
भोवरा प्रवाहांवर आधारित वेगमापकाचे एकस्व (पेटंट) जर्मन संशोधक ओटो शुल्त्से यांनी १९०२ मध्ये घेतले. रचना साधी व टिकाऊ असल्यामुळे हीच पद्धत पुढे अनेक दशके प्रचलित राहिली. विसाव्या शतकाच्या अखेरीस तिची जागा इलेक्ट्रॉनिक वेगमापकांनी घेतली.

रचना व कार्य
गिअरबॉक्सच्या बाहेर जाणाऱ्या दंडावरील एक लहान दंतचक्र लवचीक केबल फिरवते. फोक्सवागन बीटलसारख्या काही गाड्यांत ही केबल पुढच्या डाव्या चाकाला जोडलेली असते. केबलचे दोन भाग असतात : स्थिर बाह्य आवरण आणि त्याच्या आत फिरणारी, पोलादी तारांच्या अनेक थरांची आतील केबल.

केबलचे दुसरे टोक वेगमापकातील स्थायी चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची एक हलकी वाटी असते. तिचा चुंबकाशी प्रत्यक्ष स्पर्श नसतो. फिरत्या चुंबकामुळे वाटीत भोवरा प्रवाह निर्माण होतात आणि वाटी चुंबकाच्या दिशेने ओढली जाते. एक बारीक सर्पिल स्प्रिंग तिला विरोध करते. ओढ वेगाच्या प्रमाणात वाढत असल्याने वाटीला जोडलेला काटाही त्याच प्रमाणात वळतो. एकूण अंतर मोजणारा अंतरमापक (ओडोमीटर) मात्र त्याच दंडावरून दंतचक्रांनी थेट फिरवला जातो. दोषनिदानात हा फरक महत्त्वाचा ठरतो.

दोषांची लक्षणे व कारणे
* काटा व अंतरमापक दोन्ही बंद : केबल तुटलेली, तिचे टोक निसटलेले किंवा गिअरबॉक्सकडील दंतचक्र झिजलेले असते.
* काटा थरथरणे, विशेषतः कमी वेगात : आतील केबल कोरडी, वाकलेली किंवा आवरणात अडकत असते. अडकल्यावर तिच्यात पीळ साठतो आणि तो एकदम सुटला की काटा उडी मारतो.
* काटा अचानक टोकाला जाणे : वाटी व चुंबक यांच्यामध्ये वंगण शिरलेले असते किंवा आटलेल्या वंगणामुळे वाटी चुंबकाबरोबर ओढली जाते.
* अंतरमापक अचूक, पण काटा सतत कमी वेग दाखवणे : चुंबक क्षीण झालेला असण्याची शक्यता असते.
* दोन्ही वाचने एकाच प्रमाणात चुकणे : टायरचा आकार किंवा दंतचक्रांचे गुणोत्तर बदललेले असते. टायरचा घेर ५ टक्क्यांनी वाढला, तर काटा ताशी ६० कि.मी. दाखवत असताना खरा वेग ताशी ६३ कि.मी. असतो.

दुरुस्ती
प्रथम केबल तपासली जाते. वेगमापकामागील नट सोडवून आतील केबल बाहेर काढतात, रॉकेलने धुतात आणि काचेसारख्या सपाट पृष्ठभागावर लोळवून पाहतात. ती उसळत असेल किंवा तारा तुटल्या असतील, तर बदलावी लागते. नंतर केबलला ग्रीसचा पातळ थर देतात. मात्र वेगमापकाकडील सुमारे २० सें.मी. भाग पुसून कोरडा ठेवतात. फिरत्या केबलवरील तारांचे वेढे जादा ग्रीस वर ढकलू शकतात आणि ते उपकरणात शिरते. गिअरबॉक्सकडील तेलरोधक (ऑइल सील) झिजल्यास तेलही याच मार्गाने वर चढते. तेव्हा तेलरोधक बदलल्याखेरीज दोष कायमचा जात नाही.

केबल परत बसवताना तिला सुमारे १५ सें.मी. त्रिज्येहून अधिक तीव्र वळण देऊ नये आणि पकडपट्ट्यांनी ती चेपली जाणार नाही हे पाहावे.

केबल निर्दोष असूनही काटा अस्थिर राहिल्यास उपकरण उघडले जाते. दंडाच्या धारव्यातील (बेअरिंग) आटलेले वंगण काढून घड्याळाच्या तेलाचा एक थेंब पुरेसा असतो; वाटीला तेल लावत नाहीत. स्प्रिंगचा ताण बदलल्यास संपूर्ण अंशांकन बिघडते. चुंबकाचे पुनर्चुंबकन विशेष साधनांनीच करता येते.

पडताळणी
दर कि.मी. केबलचे १,००० फेरे अपेक्षित असतील, तर ताशी ६० कि.मी. वेगाला ती मिनिटाला १,००० फेरे घेते. या गतीने उपकरण फिरवून टेबलावरच त्याची तपासणी करता येते. रस्त्यावर स्थिर वेग राखून दोन किलोमीटर-दगडांमधील वेळ सहप्रवाशाने मोजावी. ताशी ६० कि.मी. वेगाला १ कि.मी. अंतरास ६० सेकंद लागतात.

सुरक्षितता व जतन
१९६० च्या दशकापूर्वीच्या काही तबकड्यांवरील चमकणाऱ्या रंगात रेडियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य असते. रंगाची चमक नाहीशी झाली तरी किरणोत्सार टिकून राहतो. म्हणून असा रंग खरवडू नये. भारतात २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणीसाठी ५० वर्षांहून जुनी गाडी मूळ स्वरूपात राखलेली असणे अपेक्षित असते. त्यामुळे मूळ वेगमापक बदलण्याऐवजी दुरुस्त करण्याला जतनाच्या दृष्टीनेही महत्त्व आहे.

हे सुद्धा पहा
* ओडोमीटर
* टॅकोमीटर
* विद्युतचुंबकीय प्रवर्तन