भोकांच्या कार्डातून आलेला गळा

सोलापुरी चादरीवरचं फूल मागावर उमटण्याआधी कागदावर उमलतं. डिझायनर चौकटींच्या कागदावर एकेक घर रंगवतो. भरलेलं घर म्हणजे उभा धागा वर, रिकामं घर म्हणजे खाली. त्या आराखड्याप्रमाणे जाड पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डं दोऱ्याने ओवून त्यांची लांब माळ करायची आणि ती मागाच्या डोक्यावरच्या जॅकार्ड यंत्रावर चढवायची. धोट्याच्या प्रत्येक फेरीला एक कार्ड पुढे येतं. भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि तिचा धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा जागेवरच राहतो. विणणाऱ्याला फूल पाठ असण्याची गरज नसते. ते कार्डांना पाठ असतं.

सोलापूरला हे कसब एका दिवसात लाभलं नाही. 1877 साली सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनी, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘जुनी मिल’, सुरू झाली. तिच्या मागोमाग लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी अशा गिरण्या उभ्या राहिल्या. तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबं गिरण्यांत राबली, घरच्या मागांवरही बसली. शहराच्या पूर्व भागात आजही मराठीइतकीच तेलुगू कानावर पडते. जुनी मिल बंद पडली, पण जॅकार्डची चादर टिकली. भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या महाराष्ट्रातल्या अगदी पहिल्या वस्तूंमध्ये तिची गणना होते.

याच कार्डाची दुसरी वाट गाण्याकडे गेली. जपानमध्ये आज संगणकाच्या आवाजात हजारो नवी गाणी रचली जातात. ती ऐकताना अनेकांना वाटतं, हे सगळं काल-परवाचं, कुठल्याशा यंत्राने आपोआप जुळवलेलं. दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि का चुकीचे हे सोलापूरच्या माणसाला समजावून सांगणं सर्वांत सोपं आहे.

गोष्ट सुरू होते फ्रान्समधल्या लिऑन शहरात. 1725 साली तिथल्या बाझील बुशाँ याने भोकं पाडलेल्या कागदाने मागाचे धागे निवडण्याची युक्ती काढली. बुशाँ हा ऑर्गन बनवणाऱ्याचा मुलगा. आपोआप वाजणाऱ्या वाद्यांची आखणी त्याने घरीच पाहिली असणार. त्या युक्तीला 1804 च्या सुमारास जोसेफ मारी जॅकार्डने पक्कं रूप दिलं. इंग्लंडचा गणितज्ञ चार्ल्स बॅबेज याच्याकडे याच जॅकार्डचं रेशमात विणलेलं एक चित्र होतं, त्यासाठी सुमारे 24,000 कार्डं लागली होती. आपल्या नियोजित गणनयंत्रालाही बॅबेजने कार्डंच योजली. त्या यंत्रावर 1843 साली टिपणं लिहिताना एडा लव्हलेसने आणखी पुढचं पाहिलं: स्वरांचे परस्परसंबंध नियमांत बसवता आले, तर असं यंत्र संगीतही रचू शकेल. यंत्र प्रत्यक्षात तयारही झालेलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट.

पुढे अमेरिकेत भोकांच्या कार्डांवर 1890 ची जनगणना मोजली गेली आणि त्याच धंद्यातून आयबीएम कंपनी उभी राहिली. 1961 साली बेल लॅब्ज या संशोधनशाळेत जॉन केली आणि कॅरल लॉकबॉम यांनी आयबीएमच्या संगणकाला ‘डेझी बेल’ हे जुनं इंग्रजी गाणं गायला लावलं. साथसंगत मॅक्स मॅथ्यूजने रचली. आवाज घोगरा आणि अडखळता होता, पण शब्द कळत होते. संगणकाचा गळा पहिल्यांदा फुटला तो असा.

त्यानंतरची वाट जपानमधल्या हामामात्सु शहरात पोचते, आणि सोलापूरकराने या शहराची ओळख जरूर करून घ्यावी. तेही मागांचंच गाव. सुझुकी हे नाव आपण मोटारींमुळे ओळखतो, पण मिचिओ सुझुकींनी 1909 साली तिथे सुरू केला तो मागांचा कारखाना. स्वयंचलित माग बनवणारे साकिची टोयोडा त्याच परिसरातले. आणि त्याच गावात 1887 साली तोराकुसु यामाहा यांनी एका शाळेचा बिघडलेला ऑर्गन दुरुस्त केला, मग स्वतःच ऑर्गन बनवायला घेतले. यामाहा कंपनीचा उगम तिथला.

2000 साली यामाहाच्या हिदेकी केनमोची यांनी बार्सिलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठासोबत गाणाऱ्या आवाजावर काम सुरू केलं. त्या प्रकल्पाचं आतल्या गोटातलं नाव ‘डेझी’ होतं, बेल लॅब्जच्या त्या गाण्याच्या आठवणीतलं. 2004 मध्ये ‘व्होकलॉइड’ हे गाणाऱ्या आवाजाचं सॉफ्टवेअर बाजारात आलं. 31 ऑगस्ट 2007 रोजी साप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडियाने हात्सुने मिकु ही व्होकलॉइडची गायिका आणली आणि सारं पालटलं. मिकुचा आवाज साकी फुजिता या अभिनेत्रीचा. तिने उच्चारलेले ध्वनी सुटे करून साठवले आहेत. गाणं रचणारा ते हवे तसे जोडतो.

हा जोडणारा माणूस काय करतो ते पाहिलं की चादरीचा डिझायनर आठवतोच. पडद्यावर चौकटींची जाळी असते. आडवा काळ, उभे स्वर. एकेका स्वराचं घर भरायचं, त्यात अक्षर लिहायचं, मग कंप, श्वास, मींड यांच्या रेषा हाताने ओढायच्या. ही जाळी पियानोला या आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या भोकं पाडलेल्या कागदी गुंडाळ्यांवरून आली आहे. एका कडव्यावर रात्र जाऊ शकते. आवाज उसना असला तरी हरकत बारीक करायची की नाही, हा निर्णय माणसाचाच.

म्हणून ही गाणी शोधण्याची रीतही आपल्या सवयीहून वेगळी आहे. आपण लताबाईंचं, आशाबाईंचं गाणं शोधतो. इथे मिकुचं म्हणून शोधलं तर समुद्रच अंगावर येतो, कारण तोच गळा हजारो जणांच्या हाती आहे. नाव धरायचं ते रचणाऱ्याचं. जपानी श्रोते त्याला ‘पी’ म्हणतात, प्रोड्यूसरमधला. निको निको या व्हिडिओ-स्थळावर सुरुवातीच्या काळात कित्येकांना ही नावं श्रोत्यांनीच बहाल केली. एक लाख वेळा पाहिलं गेलेलं गाणं मानाच्या यादीत जातं. आणि ‘याची अधिक कदर व्हायला हवी’ अशी खूणही श्रोतेच दुर्लक्षित गाण्यावर लावतात. नव्या माणसाने या दुसऱ्या खुणेमागे जावं. मोठ्या आकड्यांची गाणी आपोआप समोर येतातच.

डिसेंबर 2007 मध्ये ऱ्यो या संगीतकाराचं ‘मेल्ट’ आलं. तोवर मिकु बरीचशी स्वतःविषयीच गात असे. इथे ती प्रेमात पडलेल्या साध्या मुलीचं गाऊ लागली. ‘हाची’ या नावाने मिकुसाठी लिहिणारा तरुण पुढे केन्शी योनेझु म्हणून स्वतःच्या आवाजात गायला आणि आज तो जपानच्या आघाडीच्या गायकांपैकी आहे. डिसेंबर 2020 पासून ‘व्होकलॉइड कलेक्शन’ हा उत्सव भरतो, त्यात नवोदितांची वेगळी क्रमवारी असते. पुढचा हाची ऐकायचा असेल तर तिथे बसावं.

यामाहाने मराठी गळा अजून काढलेला नाही. जपानीसाठी एका पट्टीत सुमारे 500 ध्वनिजोड्या पुरतात, इंग्रजीला 2,500 लागतात. मराठीला ‘ळ’ आणि ‘ण’ हवेत, ‘भ’, ‘घ’, ‘ढ’ हे महाप्राण हवेत, ‘चमचा’तले दोन वेगळे ‘च’ हवेत, जोडाक्षरं तर हवीतच. हे सारे तुकडे कुणीतरी एका खोलीत बसून, चुकलं की पुन्हा, स्वच्छ उच्चारात ध्वनिमुद्रित करावे लागतील. असल्या चिकाटीच्या कामाची सोलापूरला सवय आहे.